टाक्यांचे तारू

आमच्या या पृष्ठांवर आजवर ग्रंथांची, नाट्यप्रयोगांची, गायनाच्या बैठकींची आणि प्रसंगी चित्रप्रदर्शनांची परीक्षणे येत आली आहेत. भरतकामाच्या एका चौकटीस तोच मान द्यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. भरतकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, उपवर मुलीच्या गुणांच्या यादीतील एक कलम आणि पुढे दिवाणखान्यातील भिंतीचा एक कोपरा, एवढीच त्याची किंमत आपल्या समाजाने ठरवून टाकली आहे. ती किंमत बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा प्रसंग नुकताच आमच्यावर आला. तो आणणारे चित्र इंदूरच्या जुन्या पलासियातील एका घरात आहे.

इंदूर हे चित्रकलेस परके गाव नव्हे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रशाळा काढली आणि तिच्यातून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. मराठी सारस्वताची वस्तीही येथे जुनीच. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या नगरीने पाहिली. त्यांपैकी १९३५ च्या संमेलनाचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अशा गावात चित्र पाहण्याची दृष्टी असावयाचीच. तरीही सुईने काढलेले चित्र या परंपरेच्या पंगतीस कधी बसविले गेले नाही. ते आतल्या माजघरात राहिले.

आम्ही ज्या घरी गेलो तेथील माई (घरचे व शेजारचे सर्वच त्यांना माई म्हणतात आणि त्यांच्या इच्छेस मान देऊन आम्हीही त्यापलीकडे त्यांची ओळख देत नाही) मूळच्या गोव्याच्या, मांडवीकाठच्या. साठ वर्षांमागे लग्न होऊन त्या माळव्यात आल्या आणि येथल्याच झाल्या. कुलदेवता फोंडे महालात. वर्षाआड जत्रेस जाणे होई, आता तेही होत नाही. २००४ सालच्या दसऱ्यास त्यांनी एका चित्राचा आरंभ केला आणि २००७ च्या अक्षय्य तृतीयेस ते पुरे झाले. अडीच वर्षांतील दुपारी त्यात गेल्या. चित्र तीस इंच लांब व बावीस इंच रुंद असून त्याचा विषय एक तारू आहे. आता हे चित्र कुलदेवतेच्या अग्रशाळेस अर्पण करावे, असे घरात ठरत आहे. त्यानिमित्त त्यावर दोन शब्द लिहावेत, अशी आम्हांस विनंती झाली. दोन शब्द स्तुतीचे लिहिणे सोपे होते. परंतु चित्र पाहिल्यावर ते स्तुतीपेक्षा अधिक गंभीर वागणुकीस पात्र आहे, असे आम्हांस वाटले.

प्रथम, हे कोणते तारू? गेल्या शतकात मध्यमवर्गीय मराठी घरांतून भरतकामाची जी जहाजे दिसत, ती बहुतेक एकाच साच्याची असत. तीन डोलकाठ्या, एकावर एक चौकोनी फुगीर शिडे, खाली निळ्या रेघा. हे विलायती जहाज नमुन्याच्या पुस्तकांतून आले, कापडावर छापून आले, आणि ज्यांनी समुद्र पाहिला होता व ज्यांनी पाहिला नव्हता अशा दोघींनीही ते सारखेच भरले. माईंचे तारू त्या साच्याचे नाही. ही फत्तेमारी आहे. कोकण किनाऱ्यावर मंगळुरी कौले, भात, मीठ, नारळ यांची ने-आण करणारे हे गलबत वाफेच्या बोटी व मोटारी आल्यानंतरही बराच काळ टिकून होते, आणि माईंच्या लहानपणी ते मांडवीत येत असे. दोन डोलकाठ्या, मोठी पुढे व लहान मागे. त्यांवर तिरप्या परबाणाला बांधलेली त्रिकोणी वळणाची शिडे. पुढची नाळ लांबलचक तिरपी होत पाण्यावर झुकलेली. या सर्वांत आमचे लक्ष वेधून घेतले ते डोलकाठ्यांनी. त्या सरळ उभ्या नाहीत. दोन्ही किंचित पुढे कललेल्या आहेत. फत्तेमारीच्या काठ्या अशाच पुढे झुकलेल्या असत. नमुन्याच्या पुस्तकावरून काम करणारीने त्या सरळ उभ्या केल्या असत्या, किंवा विलायती रीतीने मागे कलत्या दाखविल्या असत्या. येथे पुस्तक नव्हते. धक्क्यावर उभी राहून कौले उतरताना पाहणारी एक मुलगी होती आणि तिच्या डोळ्यांनी तो कल पन्नास वर्षे जपून ठेवला होता.

आता हे चित्र घडले कसे, ते थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कारण या कलेचे गुणदोष तिच्या कृतीतच दडलेले असतात. माईंनी आधी कागदावर तारू काढले. ते तीनदा फसले आणि चौथ्या खेपेस मनासारखे उतरले. मग त्यावर पातळ कागद ठेवून रेघांवर सुईने बारीक भोके पाडली, तो खाका कापडावर अंथरला आणि घासलेटात कालवलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरविली. भोकांतून ठिपके उतरले व ठिपक्यांतून आकृती. कापड मळकट पांढऱ्या रंगाचे, जाडसर सुती. आधी दोनदा धुऊन आटवून घेतलेले. पुढे आटणाऱ्या कापडावर केलेले भरतकाम पहिल्याच धुण्यात चुरगळते, हे त्यांना ठाऊक होते. गोल कडीत ताणले तर भरलेल्या भागावर वळ्या पडतात, म्हणून सुताराकडून एक चौकोनी लाकडी चौकट करून घेतली. जरदोजीचे कारागीर जो अड्डा वापरतात त्याचेच ते घरगुती रूप.

दोरा बाजारात मिळणारा सहापदरी. त्या दोऱ्याच्या एका प्रसिद्ध छापाचे नाव अँकर, म्हणजे नांगर, आहे. तारवाच्या चित्रास याहून योग्य दोरा कोठून मिळणार, असे माई हसून म्हणाल्या. या दोऱ्याचे पदर सोडवून कमी-अधिक घेता येतात, आणि सुईने चित्र काढणारीचे सारे चातुर्य या पदरांच्या हिशेबात असते. माईंनी गलबताच्या फळ्यांस चार पदर घेतले, मालाच्या गोणींस तीन, शिडाच्या शिवणींस दोन आणि दोरखंडांस अवघा एक. जवळचे जाड आणि दूरचे बारीक, हा चित्रकाराचा नियम त्यांनी रंगाऐवजी दोऱ्याच्या जाडीने पाळला आहे. गलबताचे अंग त्यांनी दांडी टाक्याच्या लांबच लांब ओळींनी भरले. प्रत्येक ओळ म्हणजे एक फळी. आणि चार तपकिरी छटा अशा फिरविल्या आहेत, की पाण्याजवळच्या फळ्या ओल्या व काळसर आणि वरच्या उन्हाने विटलेल्या दिसाव्यात. भरीव टाक्याने हेच अंग भरले असते तर ते गुळगुळीत व चकचकीत झाले असते, लाकडाचे वाटले नसते. टाक्याची निवड हाच येथे विचार आहे.

परंतु या चित्राचा खरा विजय शिडांत आहे. आम्ही जवळ जाऊन पाहिले तेव्हा चकित झालो. शिडे भरलेलीच नाहीत. तेथे मूळ कापड कोरे सोडले आहे. केवळ शिडाच्या पट्ट्या जेथे एकमेकींस जोडतात त्या शिवणी धावदोऱ्याने दाखविल्या आहेत, कडेला जाड दोरा बसवून तो बारीक दोऱ्याने जागोजाग बांधला आहे, आणि फुगीरपणासाठी खालच्या भागात करड्या दोऱ्याचे तुरळक लांब-आखूड टाके आहेत. म्हणजे चित्रातले शीड हे शिडाचे चित्र नाही. ते खरोखरच शिवलेले कापड आहे. आणि दोरखंड हे दोरखंडाचे चित्र नाही. तो पीळ दिलेला दोराच आहे.

येथे आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. तैलरंगात फूल काढले तर रंग आणि फूल यांचे नाते मानलेले असते. दगडात वस्त्र कोरले तर दगडाला आपला कठीणपणा विसरावा लागतो. कलावंताच्या साधनद्रव्याला बहुधा स्वतःहून निराळे काही व्हावयाचे असते. भरतकामात गुलाब, पोपट, हंस काढले तर तेथेही हाच नियम. परंतु तारवाच्या बाबतीत तो नियम गळून पडतो. तारू मुळातच कापड, दोर आणि शिवण यांवर चालते. शिडे सुईनेच शिवली जातात, फाटली तर खलाशी सुईनेच ती सांधतात. इतकेच कशाला, आपल्या समुद्रात एके काळी गलबताच्या फळ्यासुद्धा लोखंडी खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवीत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने या शिवलेल्या जहाजांचे वर्णन करून ठेवले आहे. शिवण लवचिक असल्यामुळे खडकावर आपटले तरी असे जहाज सहसा फुटत नाही, असे तो सांगतो. सुई आणि तारू यांचे नाते आपल्या दिवाणखान्यांहून फार जुने आहे.

या नात्याची साक्ष अगदी अलीकडेही मिळाली. भारतीय नौदलाने शिवलेल्या जहाजाची ती लुप्तप्राय विद्या पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात त्याचा कणा घातला गेला; केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या; आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ हे नाव देऊन ते नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला सुखरूप पोहोचले. या जहाजाचा आराखडा कशावरून घेतला? अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील, पाचव्या शतकातील, भिंतीवरच्या एका चित्रावरून. चित्रात नकाशाची मापे नसतात, म्हणून मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेतील सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. पण रूप त्या भिंतीचेच.

अजिंठा समुद्रापासून किती दूर, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. वाघूर नदीच्या घळीत, डोंगराच्या पोटात बसून त्या अनाम चित्रकाराने जहाज काढले. त्याने समुद्र पाहिला होता की व्यापाऱ्यांकडून ऐकला होता, कोण जाणे. परंतु ज्याने पाहिले त्याचे पाहणे इतके नेमके होते, की दीड हजार वर्षांनंतर सुतारांस त्यावरून जहाज बांधावेसे वाटले. पलासिया आग्रा-मुंबई मार्गावर आहे. तोच रस्ता धरून जाऊ तर मुंबईचा समुद्र सुमारे सहाशे किलोमीटरांवर लागतो. या अंतराचे भांडवल करून ‘माळव्यातील बाईने समुद्र काढला’ असे कौतुक करण्यात अर्थ नाही. समुद्राजवळ राहून न पाहणारे पुष्कळ असतात. प्रश्न अंतराचा नसून पाहण्याचा आहे.

आणि याच कसोटीवर माईंच्या चित्रातील उणिवाही आम्ही सांगितल्या पाहिजेत. स्तुतीच करावयाची तर परीक्षणाची गरज नव्हती.

पहिली उणीव आकाशाची. शिडांत जो संयम त्यांनी दाखविला तो आकाशात सुटला. सबंध आकाश निळ्या-पांढऱ्या लांब टाक्यांनी भरून काढले आहे. इतक्या मोठ्या भागावर इतके लांब टाके घातले म्हणजे कापड ओढले जाते. उजव्या वरच्या कोपऱ्यात त्याच्या चुण्या स्पष्ट दिसतात. शिवाय भरलेल्या आकाशापुढे कोरी शिडे किंचित अपुरी वाटू लागतात. आकाशही कोरे सोडून केवळ क्षितिजापाशी दोन-चार रेघा घातल्या असत्या, तर चित्र कितीतरी मोकळे झाले असते. कष्ट दिसलेच पाहिजेत, या समजुतीने आपल्या स्त्रियांच्या कलाकृतींचे फार नुकसान केले आहे. रिकामी जागा म्हणजे आळस, असे त्यांस लहानपणापासून शिकविले जाते.

दुसरी उणीव पाण्याची, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. पाण्याच्या लाटा एकसारख्या, लहान, समांतर अशा चालल्या आहेत, एकीसारखी दुसरी. गलबत त्यांवर ठेवल्यासारखे दिसते. नाळेपुढे पाणी फुटत नाही, तळाशी फेस नाही, गलबताच्या भाराने पाणी दबत नाही. अरबी समुद्राचे पाणी असे वागत नाही. मांडवीच्या मुखाशीही नाही. मग हे पाणी कोठले? आम्ही बराच वेळ पाहत राहिलो आणि मग ओळख पटली. हे पाणी महेश्वरी लुगड्याच्या काठावरचे आहे. इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटरांवर महेश्वरला नर्मदेच्या घाटाशी विणकर वस्ती करून आहेत, आणि तेथल्या काठांवर नर्मदेच्या लहरींची जी नक्षी विणली जाते, तीच येथे दोऱ्याने उतरली आहे. तारू गोव्याचे आणि पाणी नर्मदेचे! कसोटी लावली तर हा दोष आहे. गलबताचे वजन त्यामुळे नाहीसे झाले. परंतु साठ वर्षे एका मातीत राहिलेल्या माणसाची ही प्रामाणिक खूण आहे, हेही नमूद केले पाहिजे. आम्ही या पाण्यास दोषच म्हणू, पण तो काढून टाका असे म्हणणार नाही.

तिसरी उणीव निशाणाची. मोठ्या डोलकाठीच्या टोकाला एक त्रिकोणी भगवे निशाण आहे आणि ते ऐटीत मागे फडकत आहे. शिडे मात्र पुढच्या बाजूस फुगली आहेत. वारा मागून येऊन शिडे पुढे फुगवीत असेल, तर त्याच वाऱ्याने निशाणही पुढेच उडावयास हवे. एकाच काठीवर वारा दोन दिशांनी वाहू शकत नाही. ही चूक भरतकामाच्या व छापील चित्रांच्या जहाजांत फार आढळते. कारण धावणाऱ्या वस्तूचे निशाण मागे उडते, ही घोड्यावरच्या झेंड्याची सवय डोळ्यांस लागलेली असते. आम्ही ही गोष्ट संकोचाने माईंच्या कानी घातली. त्या बराच वेळ चौकटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की गलबत त्यांनी आठवणीने काढले होते, पण निशाण सुंदर दिसावे म्हणून एका छापील नमुन्यावरून घेतले होते.

आमच्या मते या एका उत्तरात सबंध चित्राचे परीक्षण सामावले आहे. जेथे त्यांनी आठवले तेथे काठीचा कलसुद्धा चुकला नाही. जेथे नक्कल केली तेथे वाराच उलटा झाला. आपल्या मुलींस भरतकाम शिकविताना आपण तयार नमुने हाती देतो, छापलेले कापड देतो, रंगांचे क्रमांकही ठरवून देतो. हात तयार होतो, हे खरे; पण डोळा तसाच राहतो. विष्णू चिंचाळकर वाळक्या पानांत, मोडक्यातोडक्या वस्तूंत चेहरे आणि पक्षी शोधीत. डोळा आधी, हात मागून, हाच त्या शोधाचा धडा होता. सुईच्या विद्येत तो कधी दिला गेला नाही.

परदेशातही या कलेचा इतिहास असाच बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशी फुरसतीच्या वेळी जाड कापडावर लोकरीच्या धाग्यांनी आपापल्या जहाजांची चित्रे भरीत. शिडे शिवणे, कपडे दुरुस्त करणे ही त्यांची रोजची कामे असल्याने सुई त्यांच्या हाती होतीच. या चित्रांत समुद्र अनेकदा बालिश असतो, आकाश तर सपाट. परंतु दोरखंड मात्र चोख. ज्या दोरीवर रोज चढावयाचे ती चुकीची कोण काढील? इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरील जॉन क्रास्क हा मासेमार (जन्म १८८१) दीर्घ आजाराने अंथरुणास खिळला आणि पडल्या पडल्या सुईने समुद्र भरू लागला. डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य माघारी आणल्याचा १९४० मधील प्रसंग त्याने बातम्या ऐकून भरावयास घेतला. १९४३ साली तो वारला तेव्हा ते मोठे चित्र अपुरेच होते. आज ते नॉरिचच्या संग्रहालयाकडे आहे. समुद्रावर जाणे बंद झाले, तेव्हाच त्याचा समुद्र कापडावर आला. माईंच्या दुपारींचे रहस्य याहून फार निराळे नसावे.

आणि आपल्याच देशात, सोळाव्या-सतराव्या शतकांत, बंगालमधील सातगाव परिसरात पोर्तुगीज ग्राहकांसाठी मोठमोठ्या गोधड्या तयार होत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानटी रेशमाने, साखळी टाक्याने व उलट्या टिपेने, त्यांवर शिकारी, पुराणकथा, परदेशी वीर आणि पोर्तुगीजांची जहाजे भरलेली असत. त्यांपैकी काही आज लिस्बन, लंडन आणि बोस्टन येथील संग्रहालयांत मानाने ठेवलेल्या आहेत. जहाजावरील माणसेही त्यांत ओळखू येतात. परंतु ती भरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. खलाशांच्या लोकरी चित्रांचीही तीच कथा. काहींवर जहाजाचे नाव सापडते, भरणाऱ्याचे बहुधा सापडत नाही.

येथे आम्ही मूळ प्रसंगाकडे परत येतो. कारण पलासियाच्या त्या घरात जो वाद चालला होता तो याच गोष्टीचा होता. चित्र अग्रशाळेस अर्पण करावे, याबद्दल दुमत नव्हते. नव्या चौकटीचा व काचेचा खर्च एका आप्ताने करावयाचे मान्य केले होते. चौकटीखाली पितळी पट्टी बसवून तीवर त्या आप्ताच्या कुटुंबाचे नाव घालावे, असे ठरू पाहत होते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आपल्या देवळांची रीतच तशी आहे. सभामंडपातील लादी, दीपमाळेचा जीर्णोद्धार, अग्रशाळेतील पंखा, या प्रत्येकावर दात्याचे नाव कोरलेले आपण वाचतो, आणि ते कोरले जाते ही चांगलीच गोष्ट आहे. कृतज्ञतेची ती सार्वजनिक खूण आहे. परंतु दान कशाला म्हणावयाचे? ज्याने काच दिली त्याचे नाव पितळेवर राहावे आणि जिने अडीच वर्षांची दृष्टी दिली तिचे नाव कोठेही नसावे, ही कृतज्ञता अर्धवट होय.

आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा विरोध आला तो माईंकडूनच. त्या कोंकणीत एवढेच म्हणाल्या : “नांव कित्याक? टांको दिसता, पुरो.” देवास द्यावयाच्या वस्तूवर आपले नाव घालू नये, असे त्यांचे मत. या मतामागे जी नम्रता आहे तिला आम्ही वंदन करतो. पण तिच्याशी सहमत होणे आम्हांस कठीण जाते. कारण ही नम्रता आपण केवळ बायकांकडूनच अपेक्षितो. अजिंठ्याच्या चित्रकाराचे अथवा एक्सरच्या वीरगळांवर सागरी युद्धातील नौका कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव आपणांस कळत नाही, याची आपण हळहळ करतो, आणि घरात बसून तीच चूक पुन्हा करतो. टाका दिसतो हे खरे. पण टाका कोणाचा हे शंभर वर्षांनी टाका सांगत नाही.

आपल्या समाजाला तारवाचे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात आपली दैवते मूळ स्थाने सोडून नदीपार अंत्रूज महालात आली. श्रीमंगेशाने कुशस्थळीहून झुवारीपलीकडे प्रियोळ गाठले, ही कथा आपण मुलांस सांगतो. कित्येक कुळे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली, तीही कोठे पायी तर कोठे गलबताने. आजही त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सांखळीजवळ विठ्ठलापुरास वाळवंटी नदीत सजविलेल्या लहान नौका सोडल्या जातात आणि काठावर लोकांची दाटी होते. म्हणून अग्रशाळेच्या भिंतीवर हे तारू लागणे सर्वथा उचित आहे. ती भिंतीची शोभा नव्हे. आपल्या स्थलांतराची ती आठवण आहे, आणि ती जिने जपली तिचे नाव त्या आठवणीचाच एक भाग आहे.

तेथे ते लागेल तेव्हा दोन व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्यात. दोऱ्याचा रंग उन्हाने उडतो. चित्र खिडकीसमोर किंवा समईच्या धुराजवळ लावू नये. वस्त्रे दाखविताना संग्रहालये प्रकाश पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच ठेवतात. अग्रशाळेत एवढी काटेकोर व्यवस्था शक्य नाही, पण आतली, सावलीची भिंत शक्य आहे. दुसरे असे की कापड लाकडी फळीवर डिंकाने चिकटवू नये. चौकटकार ते हटकून करतात आणि काही वर्षांत कापड पिवळे पडून तडकते. ते कडांवर दोऱ्याने ताणून बसवावे आणि काच कापडास टेकू देऊ नये.

निघण्यापूर्वी आम्ही चित्राची उलटी बाजू पाहावयास मागितली. आपल्याकडे जाणत्या बायका भरतकाम पाहताना आधी ते उलटे करीत. कर्नाटकी कशिद्यातील गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. माईंच्या चित्राची उलट बाजू स्वच्छ होती. गाठी नाहीत, एका रंगाचा दोरा दुसऱ्या रंगाखालून ओढून नेलेला नाही. केवळ आकाशाच्या मागे थोडा गुंता होता, आणि तो पाहताच त्यांनी कापड पुन्हा सुलटे केले.

त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी घरच्या मंडळींचे पत्र आले. माईंनी निशाण उसवले आहे. उलट्या दिशेने पुन्हा भरण्याइतकी दृष्टी आता राहिली नाही, म्हणून काठीचे टोक तसेच मोकळे आहे. वाऱ्याची दिशा आता एकट्या शिडांवरून कळते, आणि आमच्या मते ती अधिक चांगली कळते. पितळी पट्टीचे काय ठरले, ते पत्रात नव्हते.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. आपल्या घरात आजीचा, मावशीचा, सासूबाईंचा भरलेला पोपट, हंस किंवा जहाज कोठेतरी असेलच. भिंतीवर नसेल तर ट्रंकेत असेल. या सुट्टीत ते काढावे, उलटे करावे, आणि कापडास न लावता मागच्या पुठ्ठ्यावर साध्या पेन्सिलीने तिचे नाव, गाव आणि ठाऊक असेल तर वर्ष लिहावे. त्यास पितळही लागत नाही आणि देणगीही लागत नाही. ज्या घरांत सांगणारे माणूस अजून हयात आहे त्यांनी हे काम उद्यावर टाकू नये.